प्रथिन दिसले, पण मूल धावले का?

पहिली-दुसरीच्या वर्गात कधी कधी असा एक मुलगा आढळतो. जमिनीवरून उठायला सांगितले, की तो आधी पालथा होतो, मग ओणवा होतो आणि एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर असे करीत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. जिना चढताना कठडा सोडीत नाही. चवड्यांवर चालतो, मैदानावर वरचेवर पडतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या असतात, त्यामुळे घरच्यांना आणि कवायतीच्या गुरुजींना तो आळशीच वाटतो.

उठण्याच्या ह्या पद्धतीचे वर्णन विल्यम गॉवर्स ह्या इंग्रज वैद्याने १८७९ साली केले आणि ही खूण आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. रोगाला नाव मिळाले ते गियोम ड्यूशेन ह्या फ्रेंच तज्ज्ञाचे. लंडनच्या एडवर्ड मेरियन ह्यांनी त्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी असे रुग्ण पाहून त्यांची नोंद केली होती, पण नावे देण्याच्या बाबतीत विज्ञानाचा इतिहास फारसा न्यायी नाही. असो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा रोग होतो. चौथ्या-पाचव्या वर्षी लक्षात येतो, बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते, आणि पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायूही थकतात. चांगली काळजी घेतली तर आज रुग्ण तिशीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जगतात. पूर्वी विशी गाठणेही कठीण असे.

ह्या रोगावर जनुक-उपचार आला, अशी बातमी जून २०२३ मध्ये जगभर पसरली. एकदाच शिरेतून द्यायचे औषध आणि किंमत ३२ लाख डॉलर. त्या बातमीमागे तीन दशकांहून अधिक काळाचे संशोधन आहे. त्यात ज्यांचे नाव वारंवार येते त्या जेफ्री चेंबरलेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या कामाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. काम मोठे आहे, ह्याबद्दल आम्हांस शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की प्रयोगशाळेत जे मोजले गेले आणि मुलाच्या आईवडिलांना जे हवे होते, ती एकच गोष्ट होती का?

गोधडीचे टाके

१९८६-८७ मध्ये बोस्टन येथे लुई कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगाचे जनुक शोधून काढले. ते 'क्ष' गुणसूत्रावर आहे. मुलाला आईकडून मिळालेले एकच 'क्ष' असते. त्यातील प्रत बिघडली, की दुसरी सुटी प्रत त्याच्यापाशी नसते. मुलींपाशी ती असते, म्हणून त्या बहुधा वाहक राहतात. ह्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला 'डिस्ट्रोफिन' हे नाव मिळाले.

डिस्ट्रोफिनचे काम समजायला आपल्या घरची गोधडी पुरेशी आहे. आतल्या चिंध्या आणि बाहेरचे लुगडे ह्यांना टाका एकत्र ठेवतो. टाके नसलेली गोधडी घडी घालून ठेवली तर चांगलीच दिसते. वापरायला काढा, ओढा, धुवा, आणि मग आतले थर सरकतात, वरचे कापड फाटते. स्नायुपेशीच्या आत ॲक्टिनच्या तंतूंचा सांगाडा असतो आणि बाहेर पातळ पापुद्रा. लांबट डिस्ट्रोफिनचे एक टोक आतल्या ॲक्टिनला आणि दुसरे पापुद्र्यातील प्रथिनांना बांधलेले असते. मधला भाग चोवीस एकसारख्या दुव्यांच्या साखळीचा असतो, आणि त्यात चार ठिकाणी बिजागऱ्यांसारखे लवचिक तुकडे असतात. डिस्ट्रोफिन नसले की स्नायू आकुंचन पावताना, विशेषतः जिना उतरताना होते तसे ताणले जात असताना, पापुद्रा जागोजाग फाटतो. कॅल्शियम आत घुसते, पेशी मरते. शेजारच्या राखीव पेशी डागडुजी करतात, पण वर्षानुवर्षे ते चालत नाही. शेवटी स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतुमय ऊती भरते. पोटऱ्या भरदार दिसतात त्याचे कारण बऱ्याच अंशी हेच.

आता ह्या जनुकाचा आकार पाहा. सुमारे २२ लाख अक्षरांचे हे जनुक मानवाच्या ज्ञात जनुकांत सर्वांत मोठे समजले जाते. त्यातील बहुतेक मजकूर पेशी गाळून टाकते. ७९ तुकडे जोडून जी प्रत तयार होते, तिच्यात प्रथिनाचा प्रत्यक्ष पाठ सुमारे ११ हजार अक्षरांचा असतो. एवढ्या मोठ्या मजकुरात चुका होण्याची शक्यताही मोठी. म्हणूनच जवळजवळ एक-तृतीयांश रुग्णांच्या बाबतीत आई वाहक नसते, चूक त्या मुलातच नव्याने घडलेली असते. (घरात सुनेला दोष देणाऱ्यांना हे सांगावे. आणि ती वाहक असली तरी त्यात तिचा दोष तो काय?)

पण एक कोडे होते. ह्याच जनुकात बिघाड असूनही काही रुग्णांचा रोग खूपच सौम्य असतो. त्याला बेकरचा प्रकार म्हणतात. गंमत अशी, की सौम्य रोगाच्या रुग्णाच्या जनुकातून कधी कधी गंभीर रोगाच्या रुग्णापेक्षाही मोठा तुकडा गेलेला आढळे. हे कसे? वर्गात फळ्यावर असे लिहा: 'रमण सहज गवत उपट'. पेशी जनुकाचा पाठ तीन-तीन अक्षरांनीच वाचते, म्हणून आपणही तीन अक्षरी शब्दच घेतले आहेत. आता 'सहज' हा पूर्ण शब्द पुसा. 'रमण गवत उपट' असे उरते आणि अर्थ लागतो. त्याऐवजी 'सहज'मधील फक्त 'स' पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे घेऊन वाचा: 'रमण हजग वतउ पट'. गेले एकच अक्षर, पण तेथून पुढचे सारे वाक्य बरबाद. तुकडा तिनाच्या पटीत गेला तर आखूड पण कामचलाऊ डिस्ट्रोफिन बनते. तसा गेला नाही तर बहुधा काहीच बनत नाही.

१९९० साली इंग्लंडमधील के डेव्हीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्यातील एका पुरुषाच्या डिस्ट्रोफिन जनुकाच्या पाठाचा ४६ टक्के भाग नाहीसा झाला होता. तरी वयाच्या ६१ व्या वर्षी तो गृहस्थ चालत होता! म्हणजे टाक्याच्या दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत असतील तर मधला दोरा बराच आखूड असूनही चालतो. आमच्या मते ह्या संशोधनाच्या सगळ्या इतिहासात ह्याहून मोलाचे निरीक्षण नाही. ते कोणी प्रयोग करून मिळवलेले नव्हते, निसर्गानेच तो प्रयोग माणसावर साठ वर्षे चालवला होता.

पिशवी लहान, सामान मोठे

चेंबरलेन ह्यांच्या कामाचा गाभा येथून सुरू होतो. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात त्यांच्या गटाने डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदरांच्या वंशात संपूर्ण डिस्ट्रोफिनचे जनुक घातले. ते प्रथिन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनले तरी उंदरांना अपाय झाला नाही आणि रोगाची लक्षणे दिसेनाशी झाली. रोग दुरुस्त होऊ शकतो हे त्यामुळे सिद्ध झाले. पण हे जनुक उंदराच्या गर्भावस्थेआधीच घातलेले होते. जन्मलेल्या, पाच वर्षांच्या मुलाच्या अंगभर पसरलेल्या स्नायूंत ते पोचवायचे कसे?

पोचवायला वाहन लागते, आणि निसर्गातले पटाईत वाहन म्हणजे विषाणू. ॲडिनो-संलग्न विषाणू हा अगदी लहान विषाणू माणसात स्वतःहून कोणताही ज्ञात रोग करीत नाही आणि स्नायूत चांगला शिरतो. त्याची स्वतःची जनुके काढून त्या जागी आपल्याला हवे ते जनुक भरता येते. अडचण एकच. त्याच्या पिशवीत जेमतेम ४७०० अक्षरे मावतात, आणि डिस्ट्रोफिनचा पाठ ११ हजारांचा. इंग्लंडमधील त्या गृहस्थाचे अर्धेमुर्धे डिस्ट्रोफिनसुद्धा त्यात मावणार नव्हते.

मग आणखी काय काय कापता येईल? २००० साली पिट्सबर्ग येथे शाओ शाओ ह्यांच्या गटाने आणि २००२ साली चेंबरलेन ह्यांच्या गटाने ह्याची उत्तरे दिली. चेंबरलेन ह्यांनी साखळीतील दुवे निरनिराळ्या प्रकारे काढून पाहिले. कोणता दुवा कोणत्या बिजागरीशेजारी ठेवला तर प्रथिन काम करते, कोणता काढला तर बिघडते, हे चिकाटीने तपासले. शेवटी चोवीसपैकी फक्त चार दुवे राखलेले, मूळ प्रथिनाच्या सुमारे एक-तृतीयांश आकाराचे 'सूक्ष्म-डिस्ट्रोफिन' तयार झाले. विषाणूच्या पिशवीत ते बसले, उंदरात ते बनले, उंदराचा स्नायू सुधारला. २००४ मध्ये शिरेतून एकाच वेळी टोचून उंदराच्या अंगभरच्या स्नायूंत ते पोचवूनही दाखवले गेले. विज्ञान म्हणून हे काम फार देखणे आहे. एखाद्या यंत्राचा एकेक भाग काढून, ते कोठवर चालते हे पाहत त्याचे मर्म ओळखण्याची ही रीत आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी.

पण येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. ६१ वर्षांच्या त्या गृहस्थाचा दाखला सूक्ष्म-डिस्ट्रोफिनच्या बाजूने नेहमी दिला जातो. त्याच्यापाशी अर्ध्याहून अधिक प्रथिन शिल्लक होते. सूक्ष्म-डिस्ट्रोफिन त्याच्याहूनही पुष्कळ आखूड आहे. असे प्रथिन घेऊन साठ वर्षे चाललेला माणूस कोणी पाहिलेला नाही, कारण नेमके असे प्रथिन विषाणूच्या पिशवीच्या मापाने बेतलेले आहे. अर्ध्या दोरीने भागले, म्हणून तिसऱ्या हिश्श्याने भागेलच असे नाही. २००९ मध्ये मिसुरी विद्यापीठात दोंगशेंग दुआन ह्यांच्या गटाने दाखवले, की स्नायूचा रक्तपुरवठा कामाच्या वेळी वाढवणारे एक विकर डिस्ट्रोफिनच्या सोळाव्या-सतराव्या दुव्यांपाशी बांधले जाते. चेंबरलेन ह्यांच्या रचनेत हे दुवे नाहीत. म्हणजे जो भाग 'अनावश्यक' म्हणून कापला तो आपल्याला तोवर अनावश्यक वाटत होता, एवढेच.

दुसरा आक्षेप उंदराबद्दल. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये डिस्ट्रोफिन नसलेला उंदीर सापडला आणि ह्या विषयातले बहुतेक प्रयोग त्याच्यावर झाले. पण हा उंदीर डिस्ट्रोफिनवाचून बऱ्यापैकी जगतो, पिंजऱ्यात हिंडतो-फिरतो. त्याचे स्नायू माणसापेक्षा कितीतरी चांगले भरून येतात. ज्या प्राण्यात रोगच सौम्य आहे, त्यात औषधाचा गुण दिसणे सोपे असते. नंतर ह्याच उंदराचा अधिक गंभीर रोग असलेला एक वंश वापरात आला. त्यावर फ्लोरिडा विद्यापीठात ली स्वीनी ह्यांच्या गटाने केलेले काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सूक्ष्म-डिस्ट्रोफिनने हातापायांचे स्नायू सुधारले, पण काही रचनांच्या बाबतीत हृदय उलट लवकर निकामी झाले. उंदरात घडले म्हणून ते मुलातही घडेलच असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हाच सावधपणा चांगल्या निकालांच्या वेळी दाखवला गेला होता का, असे विचारणे रास्त ठरेल.

गुळाचे पाणी आणि उंची

आता मुलांकडे येऊ. चेंबरलेन ह्यांच्या रचनेच्या धर्तीवरचे सूक्ष्म-डिस्ट्रोफिन घेऊन ओहायो राज्यातील कोलंबस येथे जेरी मेंडेल आणि लुईज रोडिनो-क्लापाक ह्यांनी उपचार विकसित केला. तो पुढे सरेप्टा ह्या कंपनीकडे गेला. ('एलेव्हिडिस' हे त्याचे बाजारातले नाव.) चार लहान मुलांवरील पहिल्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायूचा तुकडा काढून पाहिला तेव्हा सूक्ष्म-डिस्ट्रोफिन भरपूर दिसले. आणि चारही मुलांचे हालचालींचे गुण वाढले.

हे गुण कसे देतात ते पाहण्यासारखे आहे. मुलाला सतरा गोष्टी करायला सांगतात. उभे राहणे, चालणे, खुर्चीवरून उठणे, एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे-उतरणे, जमिनीवरून उठणे, उडी, लंगडी, धावणे असे. नीट जमले तर दोन गुण, कसेबसे जमले तर एक, नाही जमले तर शून्य. एकूण गुण चौतीस. आपल्या शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेसारखीच ही परीक्षा आहे, फक्त अधिक काटेकोर.

आता वाचकांनी एक कल्पित प्रयोग करावा. जूनमध्ये पहिलीच्या सगळ्या मुलांची उंची मोजा. वर्षभर रोज एक चमचा गुळाचे पाणी द्या. मार्चमध्ये पुन्हा मोजा. प्रत्येक मुलाची उंची वाढलेली आढळेल. ह्यावरून गुळाच्या पाण्याने उंची वाढते असे कोणी म्हणाले तर तुमचे विद्यार्थीही हसतील.

ड्यूशेनच्या रोगातही असेच आहे. रोग स्नायू खात असतो हे खरे, पण त्याच वेळी मूल वाढत असते, तोल सावरायला शिकत असते, सूचना समजू लागते. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या रुग्णाचे गुण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत औषधावाचूनही वाढतात. मग काही काळ थबकतात आणि नंतर घसरतात. शिवाय विषाणू टोचण्याच्या वेळी प्रतिकारशक्ती शांत राहावी म्हणून स्टेरॉइडची मात्रा वाढवतात, आणि स्टेरॉइडने ह्या रोगात काही काळ ताकद वाढते हे १९८९ पासून नीट सिद्ध झालेले आहे. त्या कामात मेंडेल स्वतः अग्रभागी होते. म्हणजे चार मुलांचे गुण का वाढले ह्याची निदान दोन उत्तरे उपचाराला श्रेय न देताही मिळतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर गूळ कोणता आणि वय कोणते हे कळायला मार्ग नाही.

ह्याच कारणासाठी खरी कसोटी घ्यावी लागते. काही मुलांना औषध, काहींना नुसते सलाईन, आणि कोणाला काय दिले ते मूल, पालक व गुण देणारे ह्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. अशी पहिली चाचणी ४१ मुलांवर झाली. २०२१ च्या जानेवारीत तिचा निकाल आला. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या गुणांत विश्वास ठेवण्याजोगा फरक नव्हता. मग कंपनीने वयानुसार मुलांचे गट पाडून दाखवले, की चार-पाच वर्षांच्या मुलांत फरक दिसतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांचे दोन गट सुरुवातीलाच समतोल नव्हते. ही गोष्ट खरीही असू शकेल. पण निकाल लागल्यावर वर्गाचे निरनिराळे गट पाडून पाहिले, तर कोणत्या ना कोणत्या गटाची टक्केवारी चांगली दिसतेच, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ८ विरुद्ध ६ मतांनी मान्यतेच्या बाजूने कौल दिला. प्रशासनातील परीक्षकांचा कल विरुद्ध होता. विभागप्रमुख पीटर मार्क्स ह्यांनी तो बाजूस सारून २२ जून २०२३ रोजी चार-पाच वर्षांच्या, चालू शकणाऱ्या मुलांसाठी 'त्वरित मान्यता' दिली. ह्या प्रकारच्या मान्यतेत रुग्णाला गुण आला हे दाखवावे लागत नाही, गुण येण्याची वाजवी शक्यता सुचवणारी एखादी खूण दाखवली की पुरते. येथे ती खूण होती स्नायूतील सूक्ष्म-डिस्ट्रोफिन. ह्याच रोगावरच्या एटेप्लिर्सेन ह्या दुसऱ्या औषधाला २०१६ मध्ये असाच मार्ग मिळाला होता, आणि तेव्हा तर स्नायूत दिसलेले डिस्ट्रोफिन सर्वसामान्याच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

युक्तिवाद असा, की डिस्ट्रोफिन नसल्याने रोग होतो, आता ते दिसते आहे, तेव्हा रोग हटेल. ऐकायला सरळ वाटतो. पण जे दिसते आहे ते डिस्ट्रोफिन नव्हे, माणसाच्या शरीरात पूर्वी कधी नसलेले एक नवे प्रथिन आहे. आपणच जे बनवायला विषाणू पाठवला ते बनले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पोस्टमनने पत्र पोचवले. पत्र वाचून घरच्यांनी काय केले ते अजून कळायचे आहे.

ते ऑक्टोबर २०२३ मध्ये कळले. चार ते सात वर्षांच्या १२५ मुलांवरील मोठ्या चाचणीत बावन्न आठवड्यांनंतर औषध मिळालेल्या मुलांचे गुण सरासरी २.५७ ने वाढले. सलाईन मिळालेल्यांचे १.९२ ने वाढले. फरक ०.६५. औषधाचा काहीच परिणाम नसता, तरी एवढा किंवा ह्याहून मोठा फरक शंभरांतून चोवीस वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. विज्ञानाच्या रूढ संकेतानुसार चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही.

आमची नजर मात्र दुसऱ्या आकड्यावर खिळते. १.९२. ज्या मुलांना नुसते मिठाचे पाणी मिळाले त्यांचे गुण जवळजवळ दोनाने वाढले! गुळाच्या पाण्याचा आमचा प्रयोग येथे प्रत्यक्षच झाला. २०२० साली चार मुलांच्या वाढलेल्या गुणांकडे पाहून ज्यांनी आनंद व्यक्त केला त्यांनी हा आकडा जवळ लिहून ठेवावा.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की जमिनीवरून उठायला आणि दहा मीटर चालायला लागणारा वेळ औषध मिळालेल्या मुलांत थोडा अधिक कमी झाला, सेकंदाच्या अंशाने. औषधाचा परिणाम शून्य आहे असे आम्ही म्हणत नाही. एका वर्षात तो दिसत नसेल आणि उतार लागण्याच्या वयात, आठव्या-दहाव्या वर्षी, दिसत असेल. पण ते तपासण्याची सरळ वाट बंद झाली आहे, कारण वर्ष संपताच सलाईनच्या गटालाही औषध देण्यात आले. पालकांच्या दृष्टीने दुसरे काय करणार? त्यानंतरची तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशीच करावी लागते, आणि त्या मुलांची शुश्रूषा, स्टेरॉइड, गुण देणारे लोक सगळे वेगळे. शिवाय हा उपचार पुन्हा देता येत नाही. एकदा टोचले, की त्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. म्हणजे आज कच्चे औषध घेतलेल्या मुलाला उद्याचे त्याच वाहनातले पक्के औषध बहुधा बंद होते. किमतीच्या चर्चेत हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

मात्रेचा हिशेब

जून २०२४ मध्ये मार्क्स ह्यांनी आपल्या परीक्षकांचे मत पुन्हा डावलून मान्यता चार वर्षांवरील सर्व वयांच्या रुग्णांना, चालू न शकणाऱ्यांनासुद्धा, खुली केली. त्याच महिन्यात फायझर कंपनीच्या अशाच सूक्ष्म-डिस्ट्रोफिन उपचाराची मोठी चाचणी अयशस्वी ठरली आणि पुढे ते काम बंद झाले. त्या औषधाच्या चाचण्यांत २०२१ आणि २०२४ मध्ये एकेक मुलगा दगावलाही होता.

एलेव्हिडिसची मात्रा वजनाच्या किलोमागे सुमारे १३३ लाख कोटी विषाणूकण इतकी आहे. वीस किलोच्या मुलाला किती आणि साठ किलोच्या किशोराला किती, हे गणित सातवीचा विद्यार्थी करील. ह्यांतले पुष्कळ कण यकृतात जातात. २०२५ च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये, चालू न शकणारी दोन किशोरवयीन मुले उपचारानंतर यकृत निकामी होऊन मरण पावल्याचे जाहीर झाले. त्याच वाहनाने दुसऱ्या स्नायुरोगावर चाललेल्या चाचणीतील एक प्रौढ रुग्णही गेला. जुलैमध्ये औषधाची रवानगी थांबली, महिनाअखेरीस चालू शकणाऱ्या मुलांसाठी पुन्हा सुरू झाली. युरोपच्या औषध समितीने त्याच महिन्यात प्रतिकूल मत दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत औषधाच्या पत्रकावर यकृताबद्दल चौकटीतला इशारा आला, आणि वापर पुन्हा चालू शकणाऱ्या, चार वर्षांवरील रुग्णांपुरता मर्यादित झाला.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच एका रोगावरील जनुक-उपचाराच्या चाचणीत, ॲडिनोविषाणूच्या मोठ्या मात्रेनंतर, दगावला होता. त्यानंतर ॲडिनो-संलग्न विषाणू निवडला गेला तो सौम्य म्हणून. सौम्य विषाणूही अशा मात्रेत सौम्य राहत नाही. एखाद्या अवयवापुरते, डोळ्यापुरते औषध द्यायचे तर थोडे कण पुरतात. स्नायू म्हणजे शरीराच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून मोठा हिस्सा, तेथे मात्रा प्रचंडच लागते. उंदराचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम असते, हे २००४ साली कोणाला ठाऊक नव्हते असे नाही.

ह्या साऱ्याचा दोष चेंबरलेन ह्यांच्या माथी मारावा का? आमचे उत्तर नाही असे आहे, पण पूर्ण सुटकाही नाही. किती कापले तरी प्रथिन काम करते, हा त्यांनी स्वतःला घातलेला प्रश्न होता, आणि उंदरापुरते त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले. मुलाला किती वर्षे पुरेल, हा प्रश्न त्यांच्या प्रयोगांच्या आवाक्यातला नव्हता. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले गेले, ही चूक कंपनीची, प्रशासनाची आणि वृत्तपत्रांची. मात्र ह्या क्षेत्रातील बहुतेक शास्त्रज्ञ, चेंबरलेनही त्यांत आले, सूक्ष्म-डिस्ट्रोफिनवर काम करणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांशी जोडलेले आहेत. अशा वेळी 'हे आम्हांला अजून ठाऊक नाही' असे मोठ्याने म्हणणारा माणूस सभेत कमी पडतो.

३२ लाख डॉलर म्हणजे २०२३ च्या दराने सुमारे २६ कोटी रुपये. भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ड्यूशेनचा समावेश आहे, आणि २०२२ पासून एका रुग्णामागे मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. दोहोंतील अंतर वर्गणी काढून भरू पाहणारे पालक आपल्याकडेही असतात. त्यांना कोणी शिक्षक म्हणून सल्ला विचारला तर काय सांगावे? निदान २.५७ आणि १.९२ हे दोन आकडे तरी त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि ह्या रोगाच्या जाणकार डॉक्टरांकडे पाठवावे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे ह्या धोरणाखालील मान्य केंद्रांपैकी एक आहे.

आणि चेंबरलेन ह्यांचे एक जुने काम राहिलेच. १९८८ मध्ये, ह्यूस्टन येथे टॉम कॅस्की ह्यांच्या प्रयोगशाळेत असताना, त्यांनी एकाच परीक्षानळीत जनुकाचे अनेक तुकडे एकदम वाढवून कोणता तुकडा गहाळ आहे हे ओळखण्याची पद्धत बसवली. साठ ते सत्तर टक्के रुग्णांत असा तुकडाच गेलेला असतो. त्याआधी आठवडेच्या आठवडे घेणारे निदान त्यामुळे काही तासांच्या कामावर आले. आता त्याहून सुधारलेल्या पद्धती आहेत, पण पाया तोच. त्या कामाची मोठी बातमी कधी झाली नाही. स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठणारा मुलगा वर्गात दिसला, तर आधी रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासतात. फाटलेल्या स्नायूंतून गळणारे हे विकर ह्या रोगात सर्वसामान्याच्या कितीतरी पट, कधी शंभर पटही असते. मग जनुकाची तपासणी होते. निदान लवकर झाले तर स्टेरॉइड योग्य वयात सुरू होतात, हृदयावर लक्ष राहते, आईची आणि मावशीची तपासणी होऊन पुढच्या गर्भारपणाआधी त्यांना सल्ला मिळतो. आणि त्या मुलाचा वर्ग पुढच्या जूनपासून तळमजल्यावर हलवता येतो.